लाइट गेली की बाळ थांबायचं

आमच्या आतेभावाइतकं मोठ्यांदा बाळ घडवणारा माणूस अख्ख्या भिवंडीत झाला नाही, पैज लावते! स्वारी मुंबईला डॉक्टरकी शिकत होती आणि पहिल्याच वर्षाच्या तोंडी परीक्षेत एम्ब्रियॉलॉजीत, म्हणजे पोटात बाळ कसं बनतं त्या अभ्यासात, आपटली. गावाहून, अकलोलीहून, आतोबांनी दम भरला, "या बारीला पास न्हाय झालास तं कॉलेज बंद. नांगर धर!" मग हा पुस्तकं घेऊन थेट आमच्याकडे. शाळाही आमच्याकडेच राहून केलेली ना, त्यामुळे समोरच्या कापडाच्या कारखान्यातल्या लूमच्या खटाक्-पटाक्‌शिवाय याच्या डोक्यात अक्षर शिरायचं नाही. खिडकीत बसून लूमच्या ठेक्यात मान हलवत ओरडायचा. आणि लाइट गेली की लूम बंद, हाही बंद! एकदा "चौथ्या आठवड्यात हृदय..." म्हणाला आणि गेली लाइट. आईचे हात पिठातच थांबले. समोरून लूमवाले चाचा ओरडले, "अरे डॉक्टरसाब, दिल का क्या हुआ?" हा तोंड उघडं टाकून गप्प. वीस मिनिटांनी लूम सुरू झाली तेव्हा कुठे "...धडधडायला लागतं!" चाचांनी हुश्श केलं.

आईने भाकरीची उकड मळली की हा त्यातला गोळा पळवून मोठ्या डोक्याचा, शेपटीवाला गर्भ करायचा. एकदा आईने तोच थापून तव्यावर टाकला, तर हा पानावरून उठला. "मामी, सहा आठवड्यांचा होता गं तो!"

त्याची सगळ्यात लाडकी गोष्ट आतड्यांची. पोटात जागा पुरत नाही म्हणून सहाव्या आठवड्यात आतडी बाहेर नाळेत जातात आणि दहाव्या आठवड्यात परत घरी येतात. पहिल्या परीक्षेत नेमका इथेच अडकला होता. परीक्षेच्या खोलीत लूम कुठली! आतडी बाहेर गेली ती गेलीच!

दुसऱ्या खेपेला निघताना आई म्हणाली, "अडलास तर पायाने ठेका धर." तेही याने केलं. सर खेकसले, "पाय थांबवा!" पाय थांबला, आतडी पुन्हा नाळेत. शेवटी रडवेला होऊन म्हणाला, "सर, मी भिवंडीत शिकलो. लूम थांबली की मी थांबतो." सर खो खो हसले आणि स्वतःच टेबलावर पेन्सिल वाजवायला लागले. खटाक्-पटाक्! आतडी घरी आली आणि हा पास झाला.

आता तो हॉस्टेलवर राहतो. परवा लाइट गेली, गल्ली सुन्न झाली आणि समोरून चाचांनी हाक मारली, "बेटी, अपना डॉक्टर कब आयेगा?" मी आईकडे बघितलं. ती पिठातून हात न काढता म्हणाली, "सांग, आतडी येतात तेव्हा."

"दसवें हफ्ते में, चाचा!" मी ओरडून सांगितलं.

तसा त्याला जाऊन अकरावा चालू आहे.