तापलेल्या इंजिनाजवळ

टेमघरच्या त्या मेकॅनिकच्या गळ्यावर वाफेनं भाजल्याचा डाग होता. तापलेल्या इंजिनाजवळ तो कुणाला येऊ देत नसे.

त्या दुपारी रिक्षा बंद होत्या, वडिलांना धाप लागलेली आणि आमच्या जुन्या डिझेल गाडीचं पाणी कुठूनतरी गळत होतं. त्याच्या गॅरेजसमोर गाडी थांबवून घाईनं मी रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. त्यानं मनगट धरलं.

"गार होऊ द्या आधी."

"वडिलांना श्वास पुरत नाही हो."

"दिसतंय. पण तुम्ही भाजलात तर गाडी कोण चालवणार?"

थोड्या वेळानं त्यानंच झाकण उघडलं. जाड फडकं टाकून, मान मागे वळवून. खालच्या पाइपाला चीर सापडली. पाइप बदलून तो पाण्याचा डबा घेऊन माझ्या शेजारी बसला.

ठाण्यापर्यंत त्याची नजर इंजिनाच्या तापमानाच्या काट्यावर होती. वडिलांना स्ट्रेचरवर घेतल्यावर तो हॉस्पिटलच्या पायरीवर मटकन बसला.