संत्र्याची नुसती साल

हिवाळ्यातलं पहिलं संत्रं सोललं की सालीचे बारीक तुषार बोटांवर उडतात, आणि मी पुन्हा त्या कॅन्सर वॉर्डात जाऊन बसते.

केमोचा उपयोग होईनासा झाला होता, म्हणून मला एका नव्या औषधाच्या चाचणीत घेतलं होतं. माझा भाऊ काटोलहून आला, तो बागेतली टोपलीभर संत्री घेऊनच. आजाऱ्याकडे आमच्यात कोणी रिकाम्या हातानं जात नाही.

"चाचणी संपेपर्यंत संत्रं बंद," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"काहून?" दादानं विचारलं.

"या औषधासोबत ते चालतं की नाही, आम्हाला अजून माहीत नाही."

"तुमालेच माहीत नाही?" दादा उठलाच. "चाल वं घरी. हे तुयावर प्रयोग करून राहिले."

मी हलले नाही. तोवर जो तो मला 'होशील बरी' एवढंच सांगत होता. माहीत नाही म्हणणारी ही पहिलीच बाई, आणि तिच्यावरच माझा भरवसा बसला.

"मी नाही येत दादा. संत्री वॉर्डात वाटून टाक. मले नुसती साल दे."

दादा पुटपुटत सोलत बसला. औषधांच्या वासावर संत्र्यानं मात केली. मी साल नाकाशी धरून डोळे मिटले. तेव्हा वाटलं होतं, मी संत्र्यांचा निरोप घेतेय.

औषध लागू पडलं. यंदाही दादाची टोपली आली आहे. मी आधी साल हुंगते, मग सावकाश फोडी खाते. आता कळतं, त्या दिवशी मी निरोप घेत नव्हते. संत्र्यांना जरा थांबा म्हणत होते.