भरपाई घ्यायला थांबलोय

आमचे हे मुंबईला यंत्रांच्या एका कंपनीत फिटर होते आणि मी पोलादपूरच्या अलीकडे, वाडीत, सासरी. गोष्ट साठ सालानंतरची. कलकत्त्याच्या एका गिरणीत यंत्र बंद पडलं आणि कंपनीने ह्यांना चक्क विमानाने पाठवायचं ठरवलं. आमच्या वाडीतलं तोवर कुणी विमानात बसलेलं नव्हतं. सासूबाईंनी देवीला नारळ बोलला तेव्हा मी त्यांना हसले. मी महाडची, सातवी शिकलेली, मला शहाणपणाची भारी हौस. पण भांडी घासता घासता गुपचूप एक नारळ मीही बोलले.

त्या काळी आमच्याकडे तातडीचा निरोप एसटीच्या कंडक्टरबरोबर यायचा. तार कुणी करत नसे, कारण तार म्हटली की ती वाचायच्या आधीच घरात रडारड सुरू व्हायची. मुंबईचा कंडक्टर महाडच्या डेपोत सांगे, तिथला पोलादपूरच्या गाडीवरचा ऐकून घेई आणि आमच्या फाट्यावर गाडी थांबवून हाक मारी. बहुतेक निरोप औषधाचे, नाहीतर सणाला रजा मिळाली नाही असले असायचे.

विमानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी फाट्यावर थांबली. आमचं अंगण फाट्याला लागूनच, आणि मी, सासूबाई आणि मामंजी, तिघंही अंगणातच होतो. कंडक्टर दारातून वाकून म्हणाला, "पोराला इमानातनं उतरवलाय. भरपाई मिळणार हाय. घ्यायला थांबायला सांगितलंय." आणि घंटी मारून गाडी पुढे निघूनसुद्धा गेली.

सासूबाई मटकन खाली बसल्या.

भरपाई हा शब्द आमच्या घरात एकदा येऊन गेला होता. माझ्या लग्नाच्या आधी, आंबेनळी घाटाच्या रस्त्याच्या कामावर ह्यांचे थोरले भाऊ दरडीखाली गेले. पुढे महाडच्या कचेरीत सासूबाईंना बोलावलं, कागदावर अंगठा घेतला आणि हातावर पैसे ठेवले. त्याला भरपाई म्हणतात, एवढंच त्यांना ठाऊक. उतरवला हा शब्दही त्यांनी तेव्हाच ऐकला होता, बैलगाडीतून थोरल्याला उतरवला तेव्हा.

मला त्यांच्यापेक्षा जास्त कळत होतं असं मुळीच नाही. विमान पडलं असेल तर पेपरात येईल, असं मी मामंजींना मोठ्याने समजावत होते आणि पेपर आमच्याकडे दुसऱ्या दिवशी येतो हे त्यांनाही माहीत होतं, मलाही. तीच गाडी पोलादपूरहून परत आली तशी आम्ही दोघं तिच्यात चढलो.

"जिवंत हाय का, एवढं तरी सांग," मामंजी कंडक्टरला म्हणाले.

"मला काय म्हाईत, बाबा? मुंबईवाल्यानं जेवढं सांगितलं तेवढं सांगितलं."

मला त्याचा असा राग आला की तिकिटाचे पैसे मी त्याच्या हातात न देता सीटवर टाकले. बिचाऱ्याचा काय दोष? पण कुणावर तरी रागावल्याशिवाय मला तिथे बसवतच नव्हतं. मामंजी सबंध रस्ताभर खिडकीबाहेर बघत राहिले. थोरले गेले तेव्हा भरपाईचे पैसे आणायला ते ह्याच रस्त्याने सासूबाईंना घेऊन गेले होते. महाड जवळ आलं तसं माझ्या मनात आलं की आता कचेरीत माझा अंगठा घेतील. मग वाटलं, मला तर सही येते. असल्या वेळी माणसाला काय काय सुचतं.

मुंबईच्या गाडीचा कंडक्टर डेपोतल्या खोलीत तोंडावर टॉवेल घेऊन झोपला होता. मामंजी दारातच अडखळले. मीच पुढे झाले आणि त्याला हलवून उठवलं.

"भाऊ, पोलादपूरकडचा तो विमानाचा निरोप आणलात, तो कुणी सांगितला होता?"

"कुणी म्हणजे?" तो डोळे चोळत म्हणाला. "तुमच्याच मालकांनी. स्टँडवर माझ्यासमोर उभे राहून चहा प्यायले की."

"काय म्हणाले? त्यांच्याच शब्दांत सांगा."

"म्हणाले, घरी सांगा, विमानातून उतरवलं, भरपाई घ्यायला थांबलोय."

"थांबलोय म्हणाले?"

"थांबलोय म्हणाले."

मी त्याला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मेलेला माणूस थांबलोय म्हणत नाही. मामंजी भिंतीला टेकून रडले, आणि मी त्या भल्या माणसाला, झोपमोड झालेल्याला, निरोप नीट पोचवत नाही म्हणून वाट्टेल ते बोलले.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण त्यांना पटलं नाही. चूल मीच पेटवली. कलकत्त्याहून पत्र आलं, मी वाचून दाखवलं, तरी त्या म्हणाल्या, "तू वाचतेस गो, ते माझ्या समाधानासाठी."

महिन्याभराने हे आले ते छाती काढूनच. विमानात जागा कमी आणि तिकिटं जास्त विकलेली. मग उतरवायचं कुणाला? सुटाबुटातल्यांना थोडंच उतरवतात? तेलकट पेटी मांडीवर घेतलेला फिटर सापडला. पण हेही हटून बसले. विमान कंपनीच्या ऑफिसात पंख्याखाली ठाण मांडलं, दुसऱ्या दिवशीच्या विमानाचं तिकीट घेतलं, हॉटेलातली खोली घेतली, वर भरपाई घेतली. तिथल्या साहेबाने माफी मागितली हे तर त्यांनी तीनदा सांगितलं. मग खिशातून भरपाईचं पाकीट काढून त्यांनी सासूबाईंसमोर ठेवलं.

सासूबाईंनी पाकिटाला हात लावला नाही. त्यांनी विचारलं, "अंगठा कुणी दिला?"

"अंगठा कशाला? सही केली."

"कुणी?"

"मीच की, आई. माझी भरपाई, दुसरं कोण करणार?"

सासूबाईंनी त्यांचा उजवा हात ओढून मांडीवर घेतला आणि अंगठा उलटसुलट करून पाहिला. शाई नव्हती. मग त्यांनी तो अंगठा मुठीत धरला आणि ताटं वाढून झाली तरी सोडला नाही.