उतारावर वाढणारा आकडा

सल्त गावातून खोऱ्यातल्या शूनाला जाणारा रस्ता पंचवीस किलोमीटरमध्ये हजार मीटर खाली उतरतो. मुफलेह सत्तावीस वर्षं रोज सकाळी चार शिक्षिकांना घेऊन तो रस्ता उतरायचा आणि दुपारी त्यांनाच घेऊन चढायचा. गाडी जुनी, डिझेलची. अर्ध्या वाटेवर झऱ्यापाशी तो ती थांबवायचा आणि ब्रेक निवेपर्यंत दहा मिनिटं हलायचा नाही. शाळेची घंटा चुकते म्हणून शिक्षिका कुरकुरायच्या, पण तो बधत नसे. तो एकोणीस वर्षांचा असताना त्याच्या थोरल्या भावाच्या टोमॅटोच्या ट्रकचे ब्रेक याच उतारावर गेले होते, आणि भावाला दरीतून वर आणायला गेलेल्यांत तोही होता. हे त्याने शिक्षिकांना कधी सांगितलं नाही.

यंदा डिझेल गाडीचं इंजिन तिसऱ्यांदा उघडावं लागलं, तेव्हा मिस्त्रीने हात टेकले. मुफलेहचा मेव्हणा नदीम झर्का शहरात जुन्या गाड्या विकायचा. तो म्हणाला, विजेचीच घ्या. बायको, उम्म हैथम म्हणजे हैथमची आई, म्हणाली, दोन्हीवर चालणारी घ्या, पेट्रोलवरही आणि विजेवरही; वाटेत अडकलात तर कोण येणार? मिस्त्री म्हणाला, खोऱ्यातल्या उन्हात बॅटरी टिकत नाही. मुफलेह सगळ्यांचं ऐकत राहिला. दोन महिने त्याने भाड्याच्या गाडीवर काढले आणि काहीच ठरवलं नाही.

शेवटी नदीमने एक पांढरी विजेची गाडी आणून दारात उभी केली. "दाजी, विकत घेऊ नका. एकदा शूना करून या, मग काय द्यायच्या त्या शिव्या द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिक्षिकांना घेऊन निघताना गाडीतल्या पडद्यावर बॅटरीचे एकसष्ट टक्के दिसत होते. गाव संपलं, उतार लागला. मुफलेहने सवयीने ब्रेकवर पाय नेला, पण दाबायची वेळच आली नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच गाडी आपणहून सावरली, जणू मागून कुणीतरी तिला धरून ठेवलं होतं. वळणामागून वळणं गेली. झऱ्यापाशी नेहमीसारखी गाडी थांबवून त्याने पडद्याकडे पाहिलं, तर त्रेसष्ट. पडदा बिघडला असेल, असं त्याला वाटलं.

तो खाली उतरला, पुढच्या चाकापाशी बसला आणि भीत भीत हात लावला. चाक गार होतं. त्याने तळवा तिथेच ठेवला. रोज याच जागी त्याच्या नाकात जळका वास भरायचा. आज ओल्या कण्हेरीचा वास येत होता.

मागच्या काचेतून चौघींपैकी नजाहबाईंनी डोकं बाहेर काढलं आणि मुफलेहला हाक मारली. "अबू हैथम, गाडी आजारी आहे का?"

"नाही."

"मग तिचा हात धरून का बसलात?"

बाकीच्या तिघी हसल्या. तो उठून पुन्हा स्टिअरिंगमागे येऊन बसला.

शूनाला शाळेच्या फाटकापाशी आकडा सहासष्ट झाला होता. मुफलेह स्टिअरिंगवर हात ठेवून बघत राहिला. नजाहबाई विज्ञान शिकवायच्या, म्हणून त्याने त्यांनाच थांबवून विचारलं. त्यांनी उभ्या उभ्या समजावलं: खाली येताना गाडीला उताराचा जो जोर मिळतो, तो जुनी गाडी ब्रेकमध्ये जाळून टाकते, आणि ही तो बॅटरीत भरून घेते.

"म्हणजे हा डोंगर रोजच देत होता?"

"रोज. घ्यायला तुमच्याकडे काही नव्हतं, एवढंच."

तो गाडीबाहेर आला आणि मान वर करून डोंगराकडे पाहत राहिला. तो डोंगर त्याने जन्मभर पाहिला होता. त्याच्याकडून काही मिळतं, हे त्याच्या मनात कधीच आलं नव्हतं.

दुपारी चढताना मात्र आकडा भराभर उतरू लागला. मुफलेहने घाबरून एसी बंद केला. शिक्षिका घामाने निथळल्या, पण त्याने काचाही जेमतेमच उघडू दिल्या. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे मागचं कुजबुजणंही त्याला स्पष्ट ऐकू येत होतं. नजाहबाई म्हणत होत्या, "आपल्याला भाजूनच घरी पोचवणार आहे हा." सत्तावीस वर्षं आपल्या पाठीमागे काय काय बोललं गेलं असेल, या विचाराने त्याला हसू आलं आणि त्याने एसी लावला. सल्तच्या चौकात पोचला तेव्हा त्रेचाळीस टक्के शिल्लक होते.

त्या संध्याकाळी त्याने नदीमला सांगितलं की गाडी परत न्यायला येऊ नकोस. उम्म हैथमने दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच त्याच्याशेजारी बसून शूनाला जाऊन आली. घरी आल्यावर भिंतीवर चार्जर कुठे बसवायचा, ते तिनेच दाखवलं.

आता शुक्रवारी नमाज झाली की मुफलेह मशिदीबाहेरच्या म्हाताऱ्यांपैकी एकाला पुढच्या सीटवर बसवतो आणि खोऱ्यात घेऊन जातो. समजावत बसत नाही. फक्त म्हणतो, "हा आकडा बघत राहा." गेल्या खेपेला ऐंशी वर्षांचे हाजी उकला होते. उभा जन्म त्यांनी या उतारावर गाढवं हाकली होती. ते आकडा बघत राहिले, मग खिडकीतून कडा बघत राहिले, आणि शूना आल्यावर हळूच म्हणाले, "चल, परत वर ने. मला पुन्हा उतरायचंय."