पहिल्या ओळीनंतर आवाज बंद

आई गेली त्या आठवड्यात मी कॉम्प्युटर दुरुस्त करत बसलो होतो. लोक भेटायला यायचे, पप्पांच्या शेजारी बसून हळू आवाजात बोलायचे, आणि मी त्यांच्याकडे पाठ करून काळ्या स्क्रीनवर कमांड मारत असायचो. समोरच्या फ्लॅटमधल्या गुजराती काकी चहाचा थर्मास ठेवून म्हणाल्या, "बेटा, अभी तो रहने दे वो मशीन." मी म्हटलं, "काम है, आंटी." खरंच काम होतं. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला आतून काहीच होत नव्हतं. रडू नाही, भूक नाही. राग तेवढा यायचा, तोही सॉफ्टवेअरच्या पॅकेजांवर.

आम्हा बौद्धांत तेरावं-बिरावं नसतं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो. फोटो, मेणबत्ती, फुलं, मग सगळ्यांनी मिळून वंदना. तो रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये ठेवला होता आणि पप्पांनी एकच हट्ट धरला होता. "वंदना तिच्याच आवाजात होईल. लाव ते तुझं रेकॉर्डिंग."

कारण बिल्डिंगमधल्या आणि गल्लीतल्या बायकांची वंदना इतकी वर्षं आईच घ्यायची. कुणी नुसतं गप्प बसलेलं तिला चालायचं नाही. घशाच्या ऑपरेशनला जायच्या आधी ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "आवाज गेला-बिला तर या बायकांचं अडायला नको. तुझ्या त्या डब्यात भरून ठेव." मी हेडफोनचा माइक तिच्या हातात दिला, सुरू कसं करायचं, बंद कसं करायचं ते दाखवलं आणि भाजी आणायला खाली गेलो. परत आलो तर आईसाहेब चहा पीत बसलेल्या. "झालं की. त्यात काय एवढं!" फाइल सेव्ह केली, ऐकली नाही. नंतर ऐकू म्हटलं. पुढे आवाज राहिला बाजूला, आईच हॉस्पिटलमधून परत आली नाही.

घरात विंडोज असतं तर प्रश्नच नव्हता. पण नाही, आम्ही पडलो शहाणे. मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून लिनक्स टाकलेलं. आई ॲडमिट असताना मी एका दुपारी सगळी सिस्टीम अपग्रेडला लावली आणि नेमकं केबलवाल्याचं नेट मध्येच गेलं. गच्चीवरून गच्चीवर टाकलेली ती वायर, तिचं काय सांगायचं! अर्धी पॅकेजं नवी, अर्धी जुनी. एक ना धड भाराभर चिंध्या. तेव्हापासून मशीन मुकं झालं होतं. फाइल लावली की सेकंद पुढे सरकायचे, आवाज मात्र शून्य. फाइल खालच्या मजल्यावरच्या विंडोजवर नेऊन बघितली, तर ते म्हणे ही फाइल कसली तेच मला कळत नाही. मरो!

"काय म्हणतंय?" पप्पा मागून विचारायचे.

"आवाजाच्या पॅकेजला एक लायब्ररी पाहिजे. लायब्ररी म्हणते, आधी मला नवी करा. नवी केली की दुसरं पॅकेज रुसतंय."

"म्हणजे लग्नातल्या मानपानासारखं आहे," पप्पा म्हणाले. भेटायला आलेले एक काका हसले आणि मग आपण कुठे आलोय ते आठवून गप्प झाले.

शेवटी आवाजाशी संबंध असलेलं झाडून सगळं काढून टाकलं आणि एकेक पॅकेज क्रमाने पुन्हा बसवत गेलो. नेट जायचं, लाइट जायची, मी थांबायचो, पुन्हा बसायचो. हे काम मला बरं वाटत होतं. त्यात निदान काय चुकलंय ते समोर लिहून यायचं. आणि एका दुपारी स्पीकरमधून सिस्टीमचा तो टुण्ण आवाज आला. बाहेरच्या खोलीतून पप्पांनी विचारलं, "झालं?" म्हटलं, थांबा.

आईची फाइल लावली. ती खाकरली. मग पहिली ओळ म्हणाली. तिचाच आवाज, जरा खरखरीत, शेवटचं अक्षर लांबवणारा. आणि बंद. सेकंद पुढे सरकतायत, आवाज नाही. च्यायला, परत तेच! मी फाइल मध्येच तोडली.

म्हणजे टुण्ण चालतं, मोठी फाइल गळपटते. इथेच घोडं पेंड खात होतं. सेटिंग बदललं, लावलं. खाकरली, पहिली ओळ, बंद. तोडलं. जुनी लायब्ररी आणली, लावलं. खाकरली, पहिली ओळ, बंद. तोडलं. मेलेल्या आईचा आवाज ऐकतोय असं एकदाही वाटलं नाही. बल्ब लागतोय का बघायला बटण दाबतात, तसं मी तिला लावत होतो. स्वतःची भीती वाटायला हवी होती, तीही वाटली नाही.

शनिवारी दुपारी मावशी स्वयंपाकघरातून आली. आईची धाकटी बहीण, नांदेडहून आलेली. हात पिठाने भरलेले. "चार घास खाऊन घे बाबा, मग काय ते कर," म्हणत माझ्या मागे उभी राहिली. "एकदाच बघतो," म्हटलं आणि फाइल लावली.

आई खाकरली. पहिली ओळ म्हणाली. बंद.

मी तोडायला बोट उचललं, तेवढ्यात मागून मावशीने तीच ओळ म्हटली. पिठाचे हात जोडून, डोळे मिटून. बाहेरच्या खोलीतून पप्पांनीही म्हटली. आणि त्यांची ओळ संपली तशी स्पीकरमधून आईने दुसरी म्हटली.

मी तसाच बसलो. बोट हवेत.

"कधीपासून आतून ऐकतेय," मावशी म्हणाली. "सारखं बंद काय करतोस रे तिला? आपल्यासाठी थांबलीये ना ती."

इतकी वर्षं आम्ही तिच्या मागून म्हणत आलो. ती म्हणणार, आम्ही म्हणणार, मध्ये रिकामी जागा कधी राहिलीच नाही, म्हणून ती थांबते हे मला कधी ऐकूच आलं नव्हतं. आणि थांबायची ती अशी की एखाद्याने तोंड उघडलं नाही तर पुढे जायचीच नाही. डोळे मिटलेले असूनही तिला बरोबर कळायचं. "मूग गिळलेस का?" म्हणायची, आणि तो म्हणेपर्यंत सगळ्यांना तिष्ठत ठेवायची.

दुसरी ओळ मावशीने म्हटली, पप्पांनी म्हटली. ते आता दारात येऊन उभे होते. मी तोंड उघडलं. घशातून काही निघेना. इतके दिवस कुठे अडकलं होतं कोण जाणे, सगळं एकदम घशाशी आलं. म्हणतो, म्हणतो, जरा थांब, असं मी हाताने स्क्रीनला खुणावलं.

आई ठरलेलं तेवढंच थांबली आणि तिसऱ्या ओळीला गेली.