शेजारची सीट

गाडी चालू करण्याआधी तो शेजारच्या सीटवर हात थोपटायचा आणि म्हणायचा, “पहिला कोण ते सोड. दुसरा कोण ते बघ.” तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, ज्याला सगळं सोडून भलत्याच गोष्टीचं वेड असतं. आमच्या या गृहस्थाला अमेरिकेच्या निवडणुकीचं होतं. तिथे मत द्यायचं दूरच, तो कधी अमेरिकेला गेलासुद्धा नव्हता.

आम्ही शारजात अल नहदाला एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो आणि दुबईत सिलिकॉन ओएसिसला एकाच ऑफिसात जायचो. गाडी त्याची, शेजारची सीट माझी. सकाळच्या ट्रॅफिकमध्ये गाडी मुंगीच्या पावलानं सरकायची आणि तिथला राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार आपला उपाध्यक्ष कसा निवडतो, ते तो मला समजावायचा. “पहिला म्हातारा असेल तर दुसरा तरुण लागतो. पहिला शहरातला, तर दुसरा गावाकडचा. आपल्याकडे जे नाही ते ज्याच्याकडे आहे, तो घ्यायचा. यल्ला, हल की बाबा.” हे शेवटचं पुढच्या गाडीला.

मी मान डोलवायचो. खरं सांगतो, मला अमेरिकेशी काही देणंघेणं नव्हतं. पण ऑफिसात हा कुणाशी धड बोलायचा नाही आणि माझ्याशी मात्र भरभरून बोलायचा, त्याचं मला अप्रूप होतं. आम्ही दोघंही नाशिकचे, दोघंही अकाउंट्सचे, दोघांनाही चहा बिनसाखरेचा. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं, असं आमच्या बायका म्हणायच्या. मला ते फार आवडायचं.

अमेरिकेतल्या निवडणुकीच्याच वर्षी आमच्या मराठी मंडळाचीही निवडणूक आली. एरवी अध्यक्ष निवडून यायचा आणि बाकीची पदं चहा पिता पिता, रुसवेफुगवे काढत वाटली जायची. या वेळी हा अध्यक्षपदाला उभा राहिला आणि सभेत उठून म्हणाला, “अमेरिकेसारखं करू. जोडीनं उभं राहायचं. उमेदवारानं आपला उपाध्यक्ष आधीच जाहीर करायचा. पहिल्याला काही झालं तर दुसरा खुर्चीवर.” लोक हसले. अनुमोदन मी दिलं, आणि चांगलं मोठ्या आवाजात दिलं. घरी येऊन बायकोला सांगून इस्त्रीचा शर्टही काढून ठेवला.

पुढच्या सभेत त्यानं नाव जाहीर केलं. माझं नव्हतं. हमरिया फ्री झोनमध्ये क्रेन चालवणारा गुहागरकडचा एक गडी होता, त्याचं. चार शब्द बोलायला उभा केला तर म्हणाला, “मी काय बोलू? काम सांगा, करतो.” टाळ्यांनी हॉल दणाणला. त्याच्या लेबर कॅम्पातली पोरं बस भरून आली होती, आजवर मंडळाकडे कधी न फिरकलेली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. परतताना गाडीत मी विचारलं, “हा कुठून काढलास?”

“अरे, आपल्याकडे जे नाही ते त्याच्याकडे आहे,” तो म्हणाला. “तू आणि मी एकच. मी असताना तू कशाला?”

त्याला वाटलं, तो माझं कौतुकच करतोय.

जोडी निवडून आली. शुक्रवारी मंडळाच्या कामाला निघताना तो गुहागरकर शेजारच्या सीटवर बसायला लागला, आणि मी मागे, सतरंज्या आणि लाऊडस्पीकरच्या शेजारी. पुढे दोघांचं हसणं चालायचं. तो सीटवर थोपटून म्हणायचा, “पहिला कोण ते सोड,” आणि गुहागरकर पुढचं पूर्ण करायचा. माझं वाक्य होतं ते. इतकी वर्षं ऐकलं मी, आणि पूर्ण करतोय हा. घरी बायको म्हणाली, “मला नाही आली ती सवत तुला आली.” मुलगी फोनमधून मान वर न करता म्हणाली, “बाबा, यू आर सो जेलस.” होतोच. काय चुकलं त्यात?

बरं, गुहागरकर माणूस वाईट असता तर सोपं गेलं असतं. मला उतरताना हात द्यायचा, सतरंज्या स्वतः उचलायचा. त्यामुळे आणखीच राग यायचा.

वर्ष सरायच्या आत आमच्या ऑफिसनं ह्या अध्यक्षाला निरोप दिला. वय झालं होतं, व्हिसा संपत होता. “खलास,” तो म्हणाला, “आता नाशिक.” गाडी त्यानं गुहागरकराला देऊन टाकली. मला विचारलंसुद्धा नाही. माझ्याकडे लायसन्स होतं, गाडी नव्हती, हे त्याला माहीत होतं.

एअरपोर्टला निघताना मात्र तो म्हणाला, “आज तू चालव.” आयुष्यात पहिल्यांदा मी त्या गाडीच्या स्टिअरिंगवर बसलो आणि तो माझ्या शेजारी. गुहागरकर मागे, बॅगांशेजारी. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. तो खिडकीतून बाहेर बघत होता. मध्ये एकदा म्हणाला, “लेन बदल.” बस, तेवढंच.

दोघांना दारात सोडून मी पार्किंग शोधत बसलो. धावत आलो तर तो आत गेला होता. काचेपलीकडून त्यानं हात हलवला, माझ्याकडे बघून की आम्हा दोघांकडे, कळलं नाही.

ठरल्याप्रमाणे गुहागरकर अध्यक्ष झाला. त्याला आता उपाध्यक्ष नेमायचा होता. तो अल नहदाला माझ्या घरी आला, चहा घेतला आणि म्हणाला, “साहेब, दुसरे तुम्ही.”

“मी कशाला?” मी म्हणालो. “तुझ्या कॅम्पातला कुणी घे.”

“साहेबांनी सांगून ठेवलंय ना. एअरपोर्टला, तुम्ही पार्किंगला गेला होतात तेव्हा. म्हणाले, तुझ्याकडे सगळं आहे, फक्त मी नसेन. मग हुबेहूब माझ्यासारखा एकच माणूस आहे शारजात, तो घे. आणि म्हणाले, त्याच्या जिवावरच तर मी निघालोय.”

मी हो म्हणालो. दर शुक्रवारी आता शेजारची सीट माझी आहे. गुहागरकर गाडी नीट चालवतो, काम चोख करतो, मला साहेब म्हणतो. त्याच्याविरुद्ध माझ्याकडे एक शब्द नाही.

पण ते शब्द गुहागरकराच्या कानावर पडले, माझ्या नाही. सांगणारा तर अल नहदापासून एअरपोर्टपर्यंत माझ्या शेजारीच बसला होता.