नऊ दिवस गैरहजर

"तू बाहेरच बैस. चपलांपाशी. ऐकायचंच तर आहे, आवाज येतो तिथपर्यंत."

वर्गाच्या पहिल्याच दिवशी बडे बाबूंनी मला हे सगळ्यांदेखत सांगितलं. ते आमच्या वॉर्ड कचेरीचे हेडक्लार्क, तीन पिढ्या दरबारच्या नोकरीतलं घराणं. आत जाजमावर कारकून, वसुलीवाले आणि बाबूंचा भाचा. मी व्हरांड्यात.

आणि मी काय म्हटलं? "जी, साहेब." सांगायला लाज वाटते. यादीत नाव आलं एवढ्यावरच मी खूश होतो.

ग्वाल्हेर संस्थान विलीन होऊन मध्यभारत झालं, तेव्हाची ही गोष्ट. त्याआधी बापाची जागा मुलाला मिळायची. कारकुनाचा मुलगा कारकून, झाडूवाल्याचा झाडूवाला. नव्या राज्याचा हुकूम आला: नोकरांना शिकवा, परीक्षा घ्या, पास होईल त्याला वरची जागा द्या. मी सफाईच्या टोळीचा मुकादम. जातीनं महार, आजोबा फौजेबरोबर दक्षिणेतून आलेले. पास झालो तर सफाई दरोगा, म्हणजे सगळ्या टोळ्यांवरचा अधिकारी होणार होतो. आमच्यातला पहिला.

नऊ दिवस बाहेरून ऐकलं. फळा दिसायचा नाही. कुत्र्यानं कुणाची चप्पल पळवली की जाब मात्र मला विचारायचे.

दहाव्या दिवशी इंदूरकडचे इंजिनियर साहेब शिकवायला आले. त्यांनी विचारलं, "बरसात में माधवगंज का पानी कहाँ जाता है?"

भाचा म्हणाला, "नदी में."

"किधर से?"

मी बाहेरून बोललो, "नई सडक की दुकानों के नीचे से, साहब. बीच में मोड है, वहीं कचरा अटकता है." नाल्याच्या त्या वळणात मी कमरेएवढ्या घाणीत उतरलोय. मला नाही माहीत तर कुणाला?

"कौन बोला?"

बडे बाबू हसले. "कोई नहीं, साहब."

कोणी नाही! अंगाची आग झाली. मी दारात उभा राहिलो, नाव सांगितलं. साहेबांनी हजेरीचं रजिस्टर उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. "तुम तो नौ दिन से आए ही नहीं. इम्तहान में कैसे बैठोगे?"

तेव्हा डोळे उघडले. बाबूंनी मला नुसतं बाहेर बसवलं नव्हतं, परीक्षेतूनच उठवलं होतं. आणि मी मूर्ख, रोज त्यांना नमस्कार करत होतो.

मी आत गेलो. जाजमाच्या मधोमध बसलो. भाचा धोतर सावरत उठला, त्याच्यामागे आणखी दोघं. बाबू वाकून हळूच मराठीत म्हणाले, "जाजम धुवावं लागेल आता. समजतंय का तुला?"

"धुवा. उद्या परत बसणार आहे. रोज धुवा."

साहेबांनी माझी बाजू घेतली असं कुणाला वाटेल. नाही घेतली. ते खडू शोधत राहिले.

संध्याकाळी बाबूंनी बोलावलं. "माफी लिहून दे. नाहीतर मुकादमीसुद्धा जाईल."

घरी आई रडली. म्हणाली, "लिहून दे रे बाबा. चूल पेटती राहू दे." तिचं चुकलं नव्हतं. पण मी लिहिलं ते वेगळंच. चौथी शिकलेल्याचं वेडंवाकडं अक्षर: 'मी नऊही दिवस हजर होतो. आत बसू दिलं नाही म्हणून बाहेर होतो. नऊही दिवस हजर मांडा. माफी मागणार नाही.'

आमच्या हातचा कागद बाबू कधी हातात घेत नसत. उंबऱ्यावर ठेवायचा, मग शिपाई उचलून द्यायचा. सकाळी मी उंबरा ओलांडून थेट त्यांच्या टेबलापाशी गेलो.

"तिथं ठेव," ते उंबऱ्याकडे बोट दाखवत म्हणाले.

मी ठेवला नाही. कागद त्यांच्यासमोर धरून उभा राहिलो. सगळी कचेरी बघत होती. ते हातात घेईपर्यंत मी तिथून हलणार नव्हतो.